भांड्यावरचे नाव

चिनी मातीच्या भांड्याला नाव देतो तो बहुतेक वेळा विकणारा किंवा विकत घेणारा. ‘चिनी माती’ या आपल्या शब्दातही मातीचा गुण आलेला नाही. माल मूळ कुठल्या देशाचा, एवढेच त्यात आले आहे. जपानी पोर्सेलीनची नावे याच नजरेने वाचली तर काही गोष्टी ध्यानात येतात. युरोपच्या बाजारात ज्या भांड्यांना ‘इमारी’ म्हणत, ती इमारीत घडलेली नव्हती. इमारी हे क्यूशू बेटावरचे बंदर. भांडी घडत ती तिथून आत, डोंगरांच्या बेचक्यात वसलेल्या आरिता गावात आणि त्याच्या आसपास. ती या बंदरातून जहाजावर चढत, म्हणून त्यांना बंदराचे नाव लागले. ‘नाबेशिमा’ हे त्या मुलुखावर राज्य करणाऱ्या सरदार घराण्याचे नाव. ‘काकिएमोन’ हे एका कारागीर घराण्यात गादीबरोबर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले नाव. पोर्सेलीनच्या थोडे बाहेर जाऊन पाहिले तरी तेच दिसते. जपानी चहासमारंभात सर्वांत मानाच्या समजल्या गेलेल्या कोरियन वाट्यांपैकी एक म्हणजे ‘किझाएमोन इदो’. यातला किझाएमोन हा एक व्यापारी. वाटी एके काळी त्याच्या मालकीची होती.

बंदर, सरदार, घराणे आणि मालक. ज्याने चाकावर भांडे उठवले, जिने त्यात निळा रंग भरला, ज्याने रात्र रात्र भट्टीत लाकूड सारले, त्यांचे नाव यांत कुठेच नाही. विसाव्या शतकातल्या जपानी कलाविचाराने या गैरहजेरीला दोन उत्तरे दिली. पहिले यानागी सोएत्सु या विचारवंताचे: कारागीर निनावी आहे म्हणूनच त्याची वस्तू सुंदर आहे. दुसरे जपानच्या सरकारचे: थोर कारागीर शोधून काढू, त्याला नावानिशी राष्ट्राचा ठेवा ठरवू. दोन्ही उत्तरे जगभर वाखाणली गेली. आरिताच्या चारशे वर्षांच्या इतिहासासमोर ठेवून पाहिली, तर मला दोन्ही अपुरी वाटतात आणि पहिले तर काहीसे अन्यायाचेही. ते का, हे या लेखात मांडायचे आहे.

१. सुरुवातीची माणसे

आरिताच्या पोर्सेलीनची सुरुवात एका युद्धातून झाली. १५९२ ते १५९८ या काळात तोयोतोमी हिदेयोशीने कोरियावर दोनदा स्वारी केली. परतताना अनेक जपानी सरदारांनी कोरियन कुंभार आपल्याबरोबर आणले. पश्चिम जपानात या स्वाऱ्यांना पुढे ‘भांड्यांची लढाई’ असेही म्हटले गेले. नाबेशिमा नाओशिगेच्या मुलुखात आलेल्या अशाच कारागिरांपैकी एक यी साम-प्योंग. जपानीत त्याला री सानपेई म्हणतात आणि कागदोपत्री त्याचे जपानी नाव कानागाए सानबेई असे आहे. परंपरा सांगते की १६१६ साली आरिताजवळ इझुमियामा येथे त्याला पोर्सेलीनचा पांढरा दगड सापडला आणि जपानात पहिले पोर्सेलीन भाजले गेले.

गावाने या माणसाला देवपण दिले. १९१७ साली, तीनशे वर्षांचे निमित्त साधून, तोझान देवळामागच्या टेकडीवर त्याचे स्मारक उभे राहिले. २०१६ साली गावाने चारशे वर्षांचा उत्सव केला. उत्खननांतून मात्र जरा वेगळे चित्र पुढे आले. आरिताच्या पश्चिम भागातल्या जुन्या भट्ट्यांत साधी दगडी भांडी आणि पोर्सेलीन एकाच ठिकाणी भाजले जात होते, आणि तेही परंपरेने सांगितलेल्या ठिकाणाच्या आधीपासून. म्हणजे एका माणसाला एका वर्षी लागलेला शोध, असे ते नव्हते. अनेक भट्ट्यांवर, अनेक हातांनी, थोडे थोडे करत जमत गेलेले ते काम होते. री सानपेई खरा होता, मोठाही होता. पण ‘मूळ पुरुष’ म्हणून एकाची निवड झाली की बाकीचे आपोआप त्याची माणसे ठरतात.

त्या बाकीच्यांत एक स्त्री होती. नवरा, फुकाउमी सोदेन, १६१८ साली वारल्यावर ती आपल्या कोरियन कारागिरांचा मोठा जमाव घेऊन आरिताच्या हिएकोबा भागात आली. त्या जमावाची संख्या नऊशेच्या वर होती असे सांगतात. १६५६ साली, वयाच्या शहाण्णवाव्या वर्षी ती गेली. १७०५ साली तिच्या पणतवाने होओन-जी या मंदिरात तिच्या स्मरणार्थ दगड बसवला. त्यावरच्या मजकुरात तिचा चेहरा शांत होता, ती मोठ्याने हसे आणि तिच्या कानांना डूल घालण्याच्या खुणा होत्या, असे वर्णन आहे. तिला आज ह्याकुबासेन म्हणतात. पण हे तिचे नाव नव्हे. शंभरीला टेकलेली सिद्ध म्हातारी, अशा अर्थाचे ते आदराचे संबोधन आहे. एवढा मोठा जमाव चालवणाऱ्या बाईचा हसण्याचा आवाज दगडावर उरला, नाव उरले नाही.

हे निनावीपण कुठल्या साधनेतून आलेले नाही. ती परक्या देशातून आलेली होती, स्त्री होती, आणि कागदावर नाव चढावे अशा जागी नव्हती. कारणे इतकी साधी आहेत.

२. आकडे आहेत, नावे नाहीत

आरिताच्या जुन्या कागदपत्रांत आकड्यांना तोटा नाही. १६३७ साली नाबेशिमा सरदारांच्या कारभाऱ्यांनी आरिता आणि इमारीतल्या अकरा भट्ट्या बंद केल्या, तेरा ठेवल्या आणि ८२६ जपानी कुंभार, बाया आणि पुरुष मिळून, हाकलून दिले. कारण दिले गेले ते हे की सरपणासाठी डोंगर उजाड होत आहेत. ते खरेही असेल, पण परिणाम असा झाला की पोर्सेलीनचा धंदा मोजक्या हातांत आणि सरदारांच्या नजरेखाली आला. दहा वर्षांनी, १६४७ साली, भट्ट्यांच्या वस्तीसाठी स्वतंत्र अंमलदार नेमला गेला.

पुढे चीनमध्ये मिंग राजवट कोसळली आणि तिथला माल मिळेनासा झाला. डच ईस्ट इंडिया कंपनीने मोर्चा आरिताकडे वळवला. १६५९ साली कंपनीने एका दमात ५६,७०० च्या आसपास भांड्यांची मागणी नोंदवली. डोंगरातल्या एका गावासाठी हा आकडा छाती दडपणारा होता. तो पुरा करायचा तर एका माणसाने एक भांडे सुरुवातीपासून शेवटपर्यंत करत बसणे परवडणारे नव्हते. कामाची वाटणी आधीपासून होती. आता ती पक्की झाली.

ही वाटणी समजल्याशिवाय आरिताचे भांडे वाचता येत नाही. इझुमियामाचा दगड फोडायचा, पाण्यावर चालणाऱ्या उखळांत कुटायचा, पाण्यात कालवून बारीक गाळ वेगळा काढायचा. ही झाली माती. चाकावर भांडे उठवणारा वेगळा. सुकल्यावर त्यावर कोबाल्टच्या निळ्या रंगाने बारीक रेघ काढणारा वेगळा. त्या रेघेच्या आत निळा रंग भरण्याच्या कामाला ‘दामी’ म्हणतात, आणि ते परंपरेने बायकांचे. दामीचा कुंचला जाडजूड असतो आणि भरपूर रंगपाणी पितो. तो बोटांनी दाबत, सोडत, रंगाचा ओघळ रेघेच्या आत फिरवत न्यायचा. भांडे कोरडे असल्यामुळे पाणी तत्काळ शोषले जाते. हात क्षणभर थबकला की तिथे डाग राहतो, आणि तो पुसता येत नाही. मग काचेसारखा थर देणारा लेप, म्हणजे ग्लेझ, चढवायचा आणि १३०० अंश सेल्सिअसच्या आसपास भाजायचे. लाल, हिरवा, पिवळा हे रंग त्यावर नंतर चढतात आणि बऱ्याच कमी तापमानात पुन्हा भाजले जातात. हे काम करणारी घरे आरितात एकाच गल्लीत बसवलेली होती. सुरुवातीला अकरा, नंतर सोळा. कृती घराबाहेर जाऊ नये म्हणून ती वारसालाच सांगायची, असा दंडक होता.

सरदारांची स्वतःची भट्टी ओकावाचीच्या दरीत होती. शोगुनला आणि इतर सरदारांना नजराणे म्हणून द्यायची भांडी तिथे घडत. विकायला ठेवायचीच नव्हती. दरीच्या तोंडाशी चौकी होती. तिथल्या कारागिरांचा हिशेब असा मिळतो: घडणारे ११, रंगवणारे ९, हाताने वळून आकार देणारे ४, मदतनीस ७, एकूण ३१. त्यांना तनखा होता, करमाफी होती. बाहेर जायची मुभा नव्हती. १६९३ साली सरदाराने अंमलदाराला लिहिलेल्या आज्ञापत्रात तक्रार आहे की माल वेळेवर येत नाही, नक्षीत नावीन्य नाही. बाहेरच्या भट्ट्यांतला चांगला कारागीर दिसला तर आत घ्यावा, निकामी असेल त्याला काढून टाकावे.

८२६ हाकलले, ५६,७०० मागवली, ३१ ठेवले. आकडा ठेवणाऱ्याला माणूस मोजायचा होता, ओळखायचा नव्हता. यानागींच्या ‘अनामिक कारागिरा’कडे जाण्यापूर्वी हे लक्षात ठेवलेले बरे.

३. एका घराण्याचे नाव

याच्या उलट बाजूला काकिएमोन. या घराण्याची दंतकथा जपानी मुलांनी शाळेच्या पुस्तकात वाचली आहे: कुंभार झाडावरच्या पिकलेल्या काकी फळाकडे पाहतो, तो लाल रंग भांड्यावर आणायचा ध्यास घेतो, घरदार विसरतो आणि शेवटी तो रंग साधतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या विषयावर काबुकी नाटकही आले. एकट्या प्रतिभावंताची ही कथा आधुनिक काळाला फार आवडणारी आहे.

घराण्याच्याच जुन्या कागदांत मात्र हकिगत वेगळी आहे. लाल रंगाची कृती नागासाकीत एका चिनी माणसाकडून पैसे मोजून मिळवली. ती इमारीच्या एका व्यापाऱ्यामार्फत आली. आणि बरेच प्रयत्न फसल्यावर गोसु गोनबेई नावाच्या माणसाच्या साथीने ती १६४० च्या दशकात जमली. ‘गोसु’ म्हणजे भांड्यावरचा निळा रंग. या साथीदाराचे नाव आपल्यापर्यंत आले तेही त्याच्या रंगासकट. म्हणजे एक चिनी विक्रेता, एक व्यापारी, एक रंगवाला आणि घराण्याचा मूळ पुरुष, अशा चौघांचा हा व्यवहार आहे. दंतकथेत उरला एकटा कुंभार आणि एक फळ.

काकिएमोन भांड्याचा खरा चमत्कार माझ्या मते लाल रंगात नाही, त्या लालाखालच्या पांढऱ्यात आहे. या अंगाला ‘निगोशिदे’ म्हणतात. साग भागातल्या बोलीत ‘निगोशी’ म्हणजे तांदूळ धुतलेले पाणी. आपल्याकडे कोकणात ज्याला धुवण म्हणतात तेच. साध्या आरिता भांड्याचा पांढरा किंचित निळसर असतो; निगोशिदेचा पांढरा उबदार, दुधाळ. त्यावर चित्र अगदी थोडे काढतात, एका बाजूला सरकवलेले, आणि बरीच जागा मोकळी सोडतात. ती मोकळी जागा रिकामी वाटत नाही, कारण पांढऱ्यालाच रंगाचे वजन आहे. आता हा पांढरा येतो कुठून? दगडांच्या मिश्रणातून, गाळण्यातून, ग्लेझमधला निळसरपणा काढण्यातून, भट्टीच्या नेमक्या हवेतून. म्हणजे भांड्याचा सर्वांत सुंदर भाग, ज्यांना चित्रकार म्हणून कुणी ओळखणार नाही, त्या माती गाळणाऱ्या आणि भट्टी सांभाळणाऱ्या माणसांचा आहे.

अठराव्या शतकात निगोशिदे बंद पडले. बाराव्या आणि तेराव्या काकिएमोनने मिळून ते १९५३ साली पुन्हा साधले. चित्रांचे नमुने घरात होते, लाल रंग होता, नावही होते. दोन शतके हरवले होते ते मातीचे ज्ञान. नाव टिकले म्हणजे विद्या टिकते असे नाही, याचा याहून स्पष्ट दाखला मला माहीत नाही.

४. यानागी सोएत्सु

यानागी (१८८९–१९६१) यांचे ऋण आधी मान्य केले पाहिजे. रोजच्या वापरातल्या वाट्या, बरण्या, टोपल्या यांच्याकडे पाहायला त्यांनी जपानला शिकवले. १९२५ साली हमादा शोजी आणि कावाई कानजिरो या कुंभार मित्रांसह त्यांनी ‘मिंगेई’, म्हणजे लोककारागिरी, हा शब्द घडवला. १९३६ साली तोक्योत तिचे संग्रहालय उभे केले. कोरिया जपानच्या ताब्यात असताना तिथल्या कलेची बाजू त्यांनी जाहीरपणे घेतली. सेऊलमधली ग्वांगह्वामुन ही जुनी राजवेस पाडण्याचे ठरले तेव्हा त्याविरुद्ध लिहिले. भारतात हा विचार फार लवकर पोचला. १९१९ साली जपानला गेलेले दिल्लीचे कुंभार सरदार गुरचरण सिंग या मंडळींच्या सहवासात आले होते.

त्यांचा सिद्धान्त थोडक्यात असा: कारागीर एकच नक्षी हजारदा काढतो, तेव्हा त्याचा ‘मी’ गळून पडतो. शुद्धभूमी पंथाचा बौद्ध भक्त जसा स्वतःच्या बळावर न विसंबता अमिताभाच्या करुणेवर भार टाकतो, तसा कारागीर परंपरेवर भार टाकतो. सौंदर्य त्याच्याकडून होते. तो ते करत नाही. म्हणून सही नको, नाव नको. १९३१ साली क्योतोच्या दाइतोकु-जी मठातल्या कोहो-आनमध्ये किझाएमोन वाटी पाहिल्यावर त्यांनी लिहिलेल्या निबंधाचा गाभा हाच आहे: ही एका गरीब, अडाणी कोरियन कुंभाराने काही न ठरवता केलेली भाताची साधी वाटी आहे आणि म्हणूनच ती थोर आहे.

भक्तिपरंपरेत वाढलेल्या मराठी वाचकाला हा विचार सहज पटतो, आणि म्हणूनच त्याच्याकडे जरा सावधपणे पाहायला हवे. आपल्या संतांनी ‘मी’पणा टाकला, पण तो स्वतःच्या तोंडाने टाकला आणि अभंगाच्या शेवटी नाव घातले. गोरोबाकाका कुंभार होते हे आपल्याला ठाऊक आहे, कारण ते स्वतः बोलले. यानागींच्या कारागिराला बोलायला जागाच नाही. तो गरीब आहे, अडाणी आहे, निरागस आहे, हे सगळे त्याच्याविषयी संग्राहक सांगतो. अहंकार सोडणे आणि नाव नोंदले न जाणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. यानागींच्या मांडणीत त्या एकच होऊन जातात. ह्याकुबासेनने नाव टाकले नव्हते. ओकावाचीच्या ३१ जणांना सही करावी की नाही हे कुणी विचारले नव्हते.

दुसरा आक्षेप कामाच्या स्वरूपाविषयी आहे. हजारदा केल्याने माणूस स्वतःला विसरतो, असे यानागी म्हणतात. दामीचे काम पाहा. तिथे हजारदा केल्याने येते ती अचूक जाण: कुंचल्यात किती पाणी आहे, भांडे किती सुकले आहे, ओघळ कुठे वळेल. हे विसरणे नव्हे, फार बारीक लक्ष देणे आहे. नाबेशिमा बशीच्या बुडाला एक उंच कडे असते आणि त्यावर फणीच्या दातांसारख्या निळ्या उभ्या रेघा असतात. बशी पालथी केल्याशिवाय त्या नीट दिसत नाहीत. प्रत्येक दात सारख्या लांबीचा, आतला रंग सपाट. सरदारांसाठी घडलेल्या अशा नाजूक कामाला यानागींच्या मांडणीत वरची जागा नाही. ते त्यांना फार जाणूनबुजून केलेले वाटते. पण जाणूनबुजून केलेले तरीही निनावी, अशी ही बशी आहे. त्यांच्या सिद्धान्तात तिला घर सापडत नाही, आणि दोष बशीचा नाही.

५. जिवंत ठेवा

दुसऱ्या महायुद्धानंतर १९५० साली जपानने सांस्कृतिक ठेव्याच्या रक्षणाचा कायदा केला. वस्तूंबरोबर विद्याही जपायच्या, हा त्यातला मोठा विचार. १९५५ पासून अशा विद्यांचे धारक नावानिशी जाहीर होऊ लागले. लोक त्यांना ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ म्हणतात. पहिल्याच वर्षी मान मिळालेल्यांत तोमिमोतो केनकिची होते आणि मिंगेईचे हमादाही होते. हमादा भांड्यावर सही करत नसत. पण भांडे ज्या लाकडी पेटीत विकले जाई, तिच्यावर करत. कावाईंनी हा मान नाकारला. निनावीपणाचा सिद्धान्त मानणाऱ्या दोन मित्रांना नावाचा प्रश्न असा आडवा आला आणि दोघांनी वेगळी उत्तरे दिली.

कायद्यात एक सोय आहे तिच्याकडे कमी लक्ष जाते. मान एका व्यक्तीला देता येतो, तसा ती विद्या मिळून सांभाळणाऱ्या मंडळालाही देता येतो. १९७१ साली काकिएमोनच्या निगोशिदेला मान मिळाला तो असाच, घरातल्या कारागिरांच्या जतन मंडळाला. नाबेशिमा परंपरेचे रंगकाम करणाऱ्या इमाएमोन घराण्याच्या मंडळालाही तो मिळाला. माझ्या मते आरिताविषयी सरकारने केलेला हा सर्वांत शहाणा निर्णय होता, कारण तो वस्तुस्थितीला धरून होता. पुढे तेराव्या इमाएमोनला १९८९ साली, चौदाव्या काकिएमोनला २००१ साली आणि चौदाव्या इमाएमोनला २०१४ साली व्यक्ती म्हणून हा मान मिळाला. त्यांची योग्यता वादातीत आहे. पण लोकांच्या तोंडी राहिली ती ही नावे. मंडळ कुणाला आठवत नाही, आणि प्रदर्शनातल्या पाटीवर दामी कुणी भरली हे लिहिलेले नसते.

म्हणजे यानागी म्हणतात कुणाचेच नाव नको, आणि लोकप्रिय झालेले सरकारी उत्तर म्हणते एकाचे हवे. आरिताचे भांडे मात्र पहिल्यापासून अनेकांचे आहे. त्याच्या समीक्षेनेही अनेकांचे हस्ताक्षर वाचायला शिकले पाहिजे. रेघ कुठे थांबते आणि भरलेला रंग कुठे सुरू होतो, हे दोन माणसांमधले अंतर आहे. पांढऱ्याचा उबदारपणा हे तिसऱ्याचे काम, कडा न वाकता राहिली हे चौथ्याचे. नावे माहीत नसली तरी माणसे किती आणि कुणी काय केले, एवढे भांडे सांगते. ते ऐकणे ही समीक्षकाची जबाबदारी आहे. ती टाळून निनावीपणाची आरती करणे सोपे, आणि एकाच्या गळ्यात हार घालणे त्याहून सोपे.

आरिताच्या गल्ल्यांत तोनबाई भिंती आहेत. मोडलेल्या भट्ट्यांच्या विटा आणि भट्टीतल्या अवजारांचे तुकडे लाल मातीत बसवून त्या उभारल्या आहेत. आगीत राहून राहून विटांवर राखेचा काचेसारखा थर चढलेला असतो. ओकावाचीतही असाच एक ढीग आहे, पण तो विटांचा नाही. कुणी वारस उरले नाहीत अशा कुंभारांच्या थडग्यांचे सुमारे ८८० दगड गोळा करून तिथे एकावर एक रचले आहेत. जपानीत त्याला मुएन-तो म्हणतात. ‘मुएन’ म्हणजे ज्यांचे नाते सांगणारे कुणी उरले नाही ते. निनावीपणातले सौंदर्य दाखवायला या ढिगापाशी कुणाला नेता येणार नाही. ही माणसे निनावी राहिली ती पाठीमागे नाव घेणारे कुणी राहिले नाही म्हणून. त्यांची भांडी मात्र जगभरच्या संग्रहालयांत बंदराच्या, सरदाराच्या आणि घराण्याच्या नावाने नीट मांडून ठेवलेली आहेत.